मुक्या म्हातारीचा आवाज

“आत्ती, जरा माझ्यावर ओरडता का?”

सुनेनं सासूला असं विचारलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी ऐकलं. मी नुकतीच टँकरवाल्याशी भांडून घरात शिरत होते. मेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर लावून मागच्या गल्लीला आधी पाणी सोडत होता. त्याला सरळ केला, पाइप आमच्या बाजूला ओढून घेतला, सगळ्या बायकांच्या घागरी भरल्यावरच त्याला हलू दिला. पदरानं तोंड पुसत उंबऱ्यात पाय टाकते तर वृषाली पुढ्यात उभी. सातवा महिना सरत आलेला. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात काळा माइक, त्याची वायर पार आतल्या खोलीपर्यंत गेलेली.

“काय म्हणालीस?”

“ओरडता का माझ्यावर? आत्ता टँकरवाल्यावर ओरडलात ना, अगदी तसं.”

“का? काय केलंस तू? दूध उतू घालवलंस?”

“नाही हो. मला तुमचा आवाज पाहिजे.”

माझा आवाज मागायला माणसं येतात, त्यात नवल नव्हतं. आमचं गाव विटा. इथली कितीतरी पुरुषमंडळी गलाईच्या धंद्यात आहेत. सोन्याचांदीची मोड भट्टीत आटवायची, मळ काढायचा, शुद्ध धातू सराफाच्या हातात ठेवायचा. गावात बसून या धंद्यावर पोट भरत नाही, म्हणून आमची माणसं मुलूखभर पांगलेली. माझे मालक जन्मभर कोइमतूरला राहिले, तिथंच वारले. मुलगा धैर्यशील त्रिचूरला. पुरुष दिवाळीला आणि जत्रेला घर बघणार, तर बाकीचं वर्ष घराला बाईचा आवाज लागतो. गल्लीत सगळ्यांत मोठा माझा. वायरमन असो, तलाठी असो, बायका आपापलं भांडण घेऊन माझ्या दारात येतात. “हौसाक्का, तेवढं बोला की त्याला.” मी बोलते. चौथीत नापास झाले आणि शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण मी तोंडानं कमावलं, आणि त्याचा मला गर्व आहे.

आणि अशा घरात सून आली ती अशी. तासगावच्या हेडमास्तरांची मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली, दिसायला देखणी, कामाला चटपटीत. पण आवाज विचाराल तर भिंतीवरची पाल बरी, ती चुकचुकते तरी. “हो आत्ती” आणि “बरं आत्ती” यापलीकडं तिसरं वाक्य नाही. आमटीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी “हो आत्ती”. मीठ बरोबर होतं, मीच उगाच म्हणाले, तरी “हो आत्ती”. घरात दोन माणसं, आणि त्यातलं एक भांडायला तयार नाही. मला करमत नसे.

घरचं आवरलं की ती लॅपटॉप उघडून बसायची. पडद्यावर कधी गाड्या पळायच्या, कधी राक्षस उड्या मारायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, “दिवसभर खेळतेस व्हय?”

“खेळत नाही, आत्ती. खेळ पोचवते.”

“कुठं?”

तेव्हा ती पहिल्यांदा एका दमात पुष्कळ बोलली. “मामा कोइमतूरला गेले तेव्हा त्यांना तमिळ येत होतं का?”

“कुठलं. कोळसा मागायचा तर कोळशाचा तुकडा खिशात घेऊन फिरायचे, दाखवायला.”

“पण भट्टी तीच होती ना? हात तोच, कसब तेच. फक्त कोळसा कसा मागायचा, पाणी कसं मागायचं, हे तिथल्या बोलीत शिकावं लागलं. खेळांचं तसंच असतं. कॉम्प्युटरच्या आत एक सिस्टिम असते, तिच्यावर सगळं चालतं. जग दोन-तीन मोठ्या सिस्टिम वापरतं, म्हणून खेळ बनवणारे त्यांच्यासाठीच बनवतात. मी वापरते ती लहान आहे, तिला विचारणारं कुणी नाही. मग खेळाच्या आतलं लिखाण उघडायचं. चित्र कसं मागायचं, आवाज कसा मागायचा, बटण दाबलेलं कसं ओळखायचं, तेवढं सगळं या सिस्टिमच्या बोलीत नव्यानं लिहायचं. मग तो खेळ इथं चालतो.”

“मग मोठीच का वापरत न्हाईस?”

“माझा लॅपटॉप कॉलेजातला आहे, आत्ती. मोठी घातली की बसकण मारतो. ही घातली की पळतो. जगात असे जुने लॅपटॉप घेऊन बसलेली पुष्कळ पोरं आहेत.”

मला ते पटलं. जिथं कुणी जात नाही तिथं जाऊन भट्टी लावायची, हे आमच्या घराण्याला नवं नाही. तेव्हापासून दुपारी ती त्या कामाला बसली की मी दारावर आलेल्या बायकांना ओसरीतच थांबवत असे.

तर त्या दिवशी माइक हातात घेऊन तिनं मला सगळं सांगितलं. वर्षभर ती एका परदेशी खेळावर खपत होती. जुना, नावाजलेला खेळ. एका म्हातारीची सफरचंदांची बाग असते, भोवती उंच भिंत. खेळणारा चोर. त्यानं आत शिरून फळं तोडायची. म्हातारी काठी घेऊन झाडांआड फिरत असते, डोळ्यांना दिसत नाही, नुसती ओरडताना ऐकू येते. आवाज डावीकडून आला तर उजवीकडं पळायचं, अगदी जवळून आला तर झाडावर चढायचं. सगळा खेळ कानावर. बनवणाऱ्यांनी खेळाचं लिखाण आणि चित्रं जगाला मोकळी करून दिली होती. पण म्हातारीचा आवाज एका नटीचा होता, आणि तो देऊन टाकायचा हक्क त्यांच्याकडं नव्हता.

“म्हणजे तुझी म्हातारी मुकी हाय.”

“मुकी आहे. गुपचूप मागनं येते आणि मानगूट धरते. खेळणाऱ्याला कळतच नाही कुठं पळायचं. खेळच होत नाही, आत्ती.”

“मग दे की कुणाचा तरी आवाज.”

“माझा देऊन बघितला.” ती खाली बघत म्हणाली. “चोर पळत नाहीत. थांबून बघत बसतात.”

त्या सिस्टिमची नवी आवृत्ती निघायची होती. तिच्यात घ्यायच्या खेळांची दारं त्याच आठवड्यात बंद होणार होती, आणि पुन्हा उघडायला दोन-तीन वर्षं. इकडं रविवारी तिचं डोहाळजेवण. ते झालं की तिची आई तिला बाळंतपणाला तासगावला नेणार. हेडमास्तरांच्या घरात अवघडलेल्या बाईनं कॉम्प्युटर मांडून बसणं कोण चालू देणार? आणि त्यानंतर मांडीवर मूल. मला हिशेब करता येत नाही असं नाही. तो खेळ या आठवड्यात पोचला नाही तर पोचतच नव्हता.

“इंग्रजीत शिव्या मला येत न्हाईत.”

“शिव्या नकोत. आणि मराठीतच बोला. शब्द कळायची गरज नाही, राग कळला पाहिजे.”

“राग?” मी म्हणाले. “आण तो माइक.”

तिनं आतल्या खोलीतलं वाकळांचं कपाट उघडलं होतं. आवाज घुमू नये म्हणून माइक वाकळांच्या चळतीत उभा केला. मला समोर पाटावर बसवलं. शेजारी स्टुलावर लॅपटॉप, त्याच्यावर एक हिरवी रेघ आडवी पडलेली.

“तुम्ही बोललात की ही रेघ उडेल. मी अगदी गप्प बसते. दोन आवाज एकात एक मिसळले की मग ते वेगळे काढता येत नाहीत. समजा, तुमची बाग आहे. पोरं भिंतीवरनं आत उतरलीत. हं.”

मी पदर खोचला. घसा खाकरला. वाकळांकडं बघितलं. वाकळांनी माझ्याकडं बघितलं.

“अरे पोरांनो,” मी म्हणाले, “सफरचंदं तोडू नका.”

रेघ जराशी हलली. जणू कुशीवर वळली.

“छान,” वृषाली म्हणाली. “अजून थोडं जोरात.”

“अरे पोरांनो, सफरचंदं तोडू नका बघू. बरं दिसत न्हाई ते.”

तिनं ते परत वाजवून दाखवलं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला साखर पुढं करावी तसा आवाज.

“ही कोण बया?”

“तुम्हीच.”

“मी न्हाई ही. मशीन बिघडलंय तुझं.”

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. ज्या तोंडापुढं तलाठ्यानं हात जोडले ते तोंड वाकळांपुढं लुळं पडलं. मग मी मनातल्या मनात माझे वैरी एकेक करून आठवले. धाकटे दीर आठवले. मालक परगावी असताना मागची खोली बळकावायला त्यांनी कुलूप लावलं होतं, आणि मी ते वरवंट्यानं फोडलं होतं. म्हटलं, आता येईल राग. पण दीर गेल्याला बरीच वर्षं झालेली. शेवटी शेवटी माझ्या हातचं पिठलं मागून खायचे. राग यायच्या ऐवजी पिठलंच आठवलं.

वृषालीनं आपल्या परीनं मदत केली. “आत्ती, मी आज देवाला फुलं वाहिली नाहीत.”

“मग वाहा जा आता.”

“आत्ती, मी तुमचा पितळी तांब्या पाडला. चेपला तो.”

“कुठं चेपलाय? ह्यो काय माझ्या शेजारी हाय.”

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, तेही तिला येत नव्हतं. ती म्हणाली, “छान होतंय, आत्ती, काहीतरी निघेल यातून.” तिचं ते छान मला झोंबलं. आजवर माझ्या आवाजाला कुणी छान म्हटलं नव्हतं. म्हणायची हिंमत नव्हती कुणाची.

जेवणं झाली, तरी आम्ही तिथंच. मी मध्येच बोलत होते, मध्येच सुपारी कातरत होते. तिनं सांगितलं होतं, मशीन चालूच राहू दे, नंतर कापून घेईन. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर फोन आला, माणूस दिसणारा. जर्मनीतला ओटो. त्या सिस्टिमसाठी खेळ निवडून घ्यायचं काम त्याच्याकडं होतं. तिकडं सकाळ होती. केस पिकलेला, चष्म्याचा माणूस, हातात चहाचा मोठा कप. चेहऱ्यावरनं वाईट वाटला नाही.

वृषाली उठून उभी राहिली. तो तिकडं जर्मनीत खुर्चीत बसलेला आणि ही इकडं विट्यात उठून उभी. तो बोलत होता, ही ऐकत होती. इंग्रजी मला येत नाही, पण मान मला वाचता येते. हिची मान एकेक बोट खाली चाललेली. मध्ये मध्ये “सॉरी”. पुन्हा “सॉरी”. मग हसल्यासारखं करून “ओके, ओके”. फोन बंद झाला.

“काय म्हणाला?”

“काही नाही.”

“एवढा वेळ काही न्हाई सांगत हुता?”

“म्हणाला, म्हातारीच्या आवाजाशिवाय खेळ अर्धवट आहे. यावेळी बाजूला ठेवू. म्हणाला, तू दमलेली दिसतेस, विश्रांती घे. पुढच्या आवृत्तीला बघू.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“चालेल म्हटलं.”

“चालेल?”

“हो आत्ती.”

अडकित्ता मी खाली ठेवला.

“चालेल? वरीसभर डोळं फोडलंस, पाय सुजलं तरी बसून ऱ्हायलीस, आणि त्यानं कप खाली ठेवायच्या आत तू चालेल म्हणालीस? सॉरी कशाचं? त्याच्या बापाचं काय खाल्लंस? आपलं काम हाय, आपण केलंय, आणि माफी पण आपणच मागायची?”

“जाऊ दे ना आत्ती.”

“का जाऊ दे? तुला कुणी काहीबी म्हणू दे, तुझं आपलं जाऊ दे. असं गेलं तर एक दिवस अंगावरचं लुगडं पण जाऊ दे म्हणशील.”

“मला नको आता यावर बोलायला.”

“बोलायला येतंय कुठं तुला. आईनं शिकवलंच न्हाई. मान खाली घाल आणि व्हय म्हण, एवढंच घेऊन आलीस माहेराहून.”

“आईचं नाव काढू नका.”

मी थांबले. एवढं वाक्य तिनं कधी मला ऐकवलं नव्हतं. आवाज फार मोठा नव्हता, पण त्याला धार होती. मी तिच्याकडं बघितलं, इकडं तिकडं बघितलं, आणि ठरवून पुढं बोलले.

“का काढू नको? घर म्हणायचं का शाळा ती? पाणी प्यायला बोट वर करत असाल. तासाची घंटा झाल्याबिगर तुझी आई शिंकत तरी आसंल का? तिथनं एक मुकी पोर उचलली आणि माझ्या दावणीला आणून बांधली.”

“मुकी?”

ती वळली. मी लॅपटॉपच्या स्टुलाला हात टेकून उठायला लागले होते.

“जागच्या हलू नका. कुठं निघालात? मी बोलतेय ना, ऐकून घ्यायचं आता. कोण मुकी? तुम्ही कुणाला बोलू देता का या घरात? मी तोंड उघडते तोवर तुमचं एक बोलून झालेलं असतं आणि दुसरं सुरू झालेलं असतं. मिठाच्या बरणीवर तुमचा हात. टीव्हीच्या बटणावर तुमचा हात. ह्यांचा फोन आला की आधी तुमच्या कानाला, तुमचं झालं की उरलेला फोन मला. काय बोलणार मी त्या उरलेल्या फोनवर? जेवलात का, एवढंच. काढा तो हात. माझ्या कामाला हात लावायचा नाही. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. भिंतीवरनं उडी मारून आलेली चोर आहे का मी? दारातनं आलेय, माप ओलांडून आलेय. जेवढं तुमचं तेवढं माझंही घर आहे हे. आणि पुन्हा माझ्या आईचं नाव काढलंत तर बघा. सांगून ठेवते. बघाच.”

शेजारच्या सुमननं परसातल्या भिंतीवरनं डोकं वर काढलं होतं. खिडकीतनं तिला मी दिसत होते, पाटावर बसलेली, तोंड मिटलेलं. मला आधी वाटलं ती वृषालीकडं बघतेय. पण ती माझ्याकडं बघत होती. हौसाक्काला कुणी बोलतंय आणि हौसाक्का ऐकून घेतेय, हे तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

वृषालीचा श्वास फुलला होता. ती कॉटवर बसली. मी आणखी थोडा वेळ हललेच नाही. मग तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून तिच्या हातात दिलं.

“संपलं?”

“संपलं,” ती म्हणाली. मग घाबरली. “आत्ती, मी…”

“सॉरी म्हणालीस तर बघ. पाणी पी. आणि आता ते बंद कर.”

“काय?”

“ते हिरवं. सकाळपासनं चाललंय.”

तिनं लॅपटॉपकडं बघितलं. रेघ आडवी पडली होती, पण तिच्या मागं, जिथं वृषाली बोलली होती तिथं, वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत हिरवंगार रान माजलेलं. ती बघतच राहिली. मग माझ्याकडं वळली.

“तुम्हाला हे दिसत होतं?”

“मला काय दिसणार. मी चौथी नापास.”

“आत्ती.”

“मग काय करायचं? टँकरवाल्याला मी रोज ओरडते, रोज जेवून झोपते. माझ्यात काय साठत न्हाई, म्हणून वाकळांपुढं काय निघालं न्हाई. तुझ्यात तीन वर्षांचं हाय. पयलं वाक्य ऐकलं आणि म्हटलं, आता हिला थांबू द्यायचं न्हाई.”

“म्हणून तुम्ही गप्प बसलात?”

“दोन आवाज मिसळले की निघत न्हाईत, तूच म्हणालीस. तोंडावर आलेलं गिळलं मी. उरलेल्या फोनाला तर माझ्याकडं असलं उत्तर हुतं की बास.”

ती मोठ्यानं हसली. मग एकदम थांबून म्हणाली, “आणि आईबद्दल बोललात ते?”

“ते रेघेसाठी.”

“सगळं?”

“निम्मं.”

त्यानंतर तिनं जे केलं ते मला त्या हिरव्या रानापेक्षा मोठं वाटतं. तिनं मोबाइल उचलला आणि ओटोला आपण होऊन फोन लावला. यावेळी ती बसून बोलली. तो काहीतरी म्हणायला लागला, तर हिनं तळहात वर करून त्याला थांबवला. मग मोबाइल लॅपटॉपपाशी धरून त्याला ते ऐकवलं. “जागच्या हलू नका. कुठं निघालात?” ओटोनं कप खाली ठेवला. पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग ती इंग्रजीत चार वाक्यं बोलली, सावकाश, एकेक शब्द ठेवून. त्यात सॉरी नव्हतं. मी कान देऊन होते.

“काय म्हणालीस त्याला?”

“म्हटलं, खेळ बाजूला ठेवायचा नाही. शुक्रवारपर्यंत आवाज बसवून देते, तोवर जागा धरून ठेवायची.”

“काय म्हणाला?”

“ओके म्हणाला.” तिनं जरा थांबून सांगितलं, “तो म्हणाला सॉरी.”

पुढचे दिवस तिनं त्या बोलण्याचे तुकडे पाडले. लांबून ऐकू यायचा तुकडा वेगळा, भिंतीआडचा वेगळा, मानेशी आल्यावरचा वेगळा. मी भाकरी ताटात घालून तिच्या हाताशी ठेवत होते, आणि बरणीतलं मीठ तिला हवं तेवढं घेऊ देत होते. शुक्रवारी खेळ गेला. शनिवारी ओटोचा निरोप आला की खेळ घेतला. लिहिलं होतं, मी स्वतः खेळून बघितला, म्हातारीनं मला सारखं पकडलं, आणि माझी बायको घरात कोण भांडतंय ते बघायला स्वयंपाकघरातनं धावत आली. खेळाच्या शेवटी नावं येतात, त्यात दोनदा वृषालीचं नाव आहे. एकदा खेळ पोचवला म्हणून, एकदा म्हातारी म्हणून. आज माझी नात शाळेत जाते, आणि अजून कुठकुठल्या देशांतली पोरं त्या बागेत चोरी करायला उतरतात आणि मराठीत बोलणी खातात. अर्थ एकाला कळत नाही. पळतात सगळी.

रविवारी डोहाळजेवण झालं. वृषालीला हिरवी साडी, केसांत जाईची वाडी, झोपाळ्याला फुलांच्या माळा. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. तासगावहून विहीणबाई जीप घेऊन आल्या होत्या. अंगानं बारीक, बोलताना ओठ झाकून बोलणाऱ्या. हेडमास्तर बरोबर नव्हते तरी त्या हळूच बोलत होत्या. ओटी भरून झाली, आणि सुमननं पोटातलं ओठावर आणलं, “वृषाली, ते दाखव की. त्या दिवशीचं.”

लॅपटॉप आणला. बायका झोपाळ्याभोवती गोळा झाल्या. सुमनच चोर झाली. दोन सफरचंदं तोडली, तिसऱ्याला हात घातला आणि मागनं आवाज आला, “माझ्या वस्तूला हात लावायचा नाही.” सुमन दचकून मागं सरकली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.

विहीणबाई हसल्या, ओठ झाकून. “विहीणबाई, तुमचाच आवाज हो. लगेच ओळखला मी.”

“माझा न्हाई.”

“मग कुणाचा? एवढा जोर आणखी कुणाच्या तोंडात आहे?”

“तुमच्या लेकीच्या.”

त्यांचा हात ओठांवरनं खाली आला. त्यांनी पडद्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. पडद्यातली म्हातारी तोवर आणखी जवळ आली होती. “भिंतीवरनं उडी मारून आलेली चोर आहे का?” सुमन पकडली गेली.

“आमच्याकडं हिचा आवाज कधी माजघराबाहेर आला नाही,” विहीणबाई म्हणाल्या. तक्रार होती, की आणखी काही, मला तेव्हा कळलं नाही. मग त्या लेकीजवळ झुकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “घरी गेल्यावर जरा जपून हं बाळ. बाबांना मोठ्यानं बोललेलं चालत नाही, ठाऊक आहे ना. आणि ते यंत्र इथंच राहू दे.”

मी लांब बसले होते, पण असल्या गोष्टी मला लांबूनही ऐकू येतात. माझ्या तोंडावर वाक्य आलं होतं. वृषालीनं माझ्याकडं बघितलं. मी वाक्य गिळलं आणि पान जुळवायला घेतलं.

“आई,” ती म्हणाली, आणि हळू म्हणाली नाही. झोपाळ्याभोवतीच्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. “लॅपटॉप मी बरोबर आणतेय. लोक खेळायला लागले की चुका कळवतील, त्या मलाच दुरुस्त करायच्या आहेत. दुपारी मी कामाला बसणार. बाबांना तू काही सांगू नकोस. मीच सांगेन.”

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. सुनेला गप्प करायचं काम सासूचं, म्हणून वाट बघत राहिल्या. मी पानाला चुना लावत होते. शेवटी त्यांनीच लेकीच्या कपाळावरची जाईची कळी सरळ केली आणि म्हणाल्या, “बरं.”

उन्हं उतरायच्या आत जीप निघाली. वृषाली मागं बसली, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. तिनं वाकून नमस्कार करायला बघितलं, मी म्हटलं, पोटाकडं बघ, नमस्कार राहू दे. मग पुढच्या खिडकीपाशी गेले. विहीणबाई आत अंग चोरून बसल्या होत्या.

“विहीणबाई, लेक तुमची हाय,” मी म्हणाले. “न्या, खाऊपिऊ घाला, बाळंतपण करा, मी एका शब्दानं विचारायची न्हाई. पण आवाज माझ्या घरचा हाय. परत येताना त्यात काडीभर कमी झालेलं मला चालायचं न्हाई.”

मागनं वृषाली म्हणाली, “ड्रायव्हरदादा, चला आता. आत्तींचं एकदा सुरू झालं की तासगावला दिवे लागतील.”